आधी अंथरूण तर दाखवा!



"अंथरूण पाहून पाय पसरावेत" ही म्हण आपण लहानपणी इतक्या वेळा ऐकली आहे की आता ती आपोआप तोंडातून बाहेर पडते. मुलाने दोनशे डॉलरचे बूट मागितले की पडलीच म्हणून समजा! पण जरा विचार करा. आपल्या मुलांनी हे अंथरूण कधी पाहिलंय का? घरात महिन्याला कुठे किती पैसे जातात, मॉर्गेज म्हणजे काय, प्रॉपर्टी टॅक्स नावाचं काय प्रकरण असतं, भारतात आजीला पैसे कोण पाठवतं... यातलं काहीच त्यांना माहीत नसतं, कारण आपण सांगत नाही. आणि न दाखवलेल्या अंथरुणावर पाय किती पसरायचे ते त्यांनी आपणहून ओळखावं अशी आपली अपेक्षा!

गेली तीन वर्षं मी आपल्या मराठी शाळेतल्या मोठ्या मुलांशी, म्हणजे तेरा ते अठरा वर्षांच्या, महिन्यातून एका शनिवारी पैशांबद्दल गप्पा मारतो. मी साधा सॉफ्टवेअर इंजिनिअर. फायनान्सची कुठलीही डिग्री माझ्याकडे नाही, आणि माझी स्वतःची मुलगी अवघी सहा वर्षांची, तिची आर्थिक उलाढाल टूथ फेअरीपुरती मर्यादित. त्यामुळे पालक म्हणून नाही, तर या मुलांचा 'काका' म्हणून जे दिसलं ते लिहितोय. टॅक्सचे बारकावे प्रत्येकाने आपापल्या सीपीएकडून तपासून घ्यावेत हे वेगळं सांगायला नको.

आपल्याला हे सगळं कुणी शिकवलं होतं का? नाही. पण आपण बघत होतो. बाबा एक तारखेला पगार आणून देवापुढे ठेवायचे, आई त्यातून घरभाडं, किराणा, दूधवाला, शाळेची फी असे वाटे करायची. भिशीचा नंबर लागला की घरात मिक्सर यायचा. वीस तारखेनंतर हॉटेलचं नाव काढायचं नाही हे न सांगता कळायचं. पैसा डोळ्यांना दिसायचा, आणि कमी पडलेला तर फारच स्पष्ट दिसायचा! इथे आपली मुलं काय बघतात? आई फोन मशीनजवळ नेते, 'टुंग' असा आवाज होतो, सामान पिशवीत. बाबांचा पगार बँकेत परस्पर जमा, बिलं ऑटोपेवर. सगळं इतकं सुरळीत चालू असतं की मुलांच्या दृष्टीने पैसा म्हणजे वायफायसारखी गोष्ट. असतोच तो.

"पण शाळेत शिकवतात ना!" असं काही पालक म्हणतात. शिकवतात, खरं आहे. आपल्या न्यू जर्सीत हायस्कूल पास व्हायला फायनान्शियल लिटरसीची अडीच क्रेडिट्स लागतात. कॅलिफोर्नियानेही २०२४ मध्ये तसा कायदा केला. पण मी मुलांना विचारलं, तर बहुतेकांना व्याख्या पाठ आणि व्यवहार शून्य. पुस्तक वाचून पोहायला शिकल्यासारखंच हे.

मग सांगायचं किती? इथे बहुतेक आईवडील अडखळतात. एक भीती अशी, की पोरगं पॉटलकमध्ये सगळ्यांसमोर बाबांचा पगार जाहीर करेल. (ही भीती अगदीच निराधार नाही!) माझं मत विचाराल, तर पगाराचा आकडा नाही सांगितला तरी चालेल. खर्चाचा सांगा. एका रविवारी दुपारी महिन्याची सगळी बिलं टेबलावर मांडा आणि मुलांना आधी अंदाज करायला लावा. आम्ही हा खेळ शनिवारच्या तासाला खेळतो. एका आठवीतल्या मुलाने घराच्या प्रॉपर्टी टॅक्सचा अंदाज वर्षाला तीनशे डॉलर असा सांगितला! न्यू जर्सीत २०२४ मध्ये सरासरी घराचा प्रॉपर्टी टॅक्स दहा हजार डॉलरच्या वर गेला, आणि त्यातला निम्म्याच्या आसपास पैसा पब्लिक शाळांना जातो, हे सांगितल्यावर तो म्हणाला, "पण काका, शाळा तर फ्री आहे ना?" पुढचा अर्धा तास त्याच विषयावर गेला. मी ठरवून आणलेला विषय तसाच राहिला, पण मला वाटतं तो तास सगळ्यात चांगला झाला.

नुसतं बघून भागत नाही, हातात पैसे द्यावे लागतात. बरेच पालक अलाउन्स देतात, पण ते वीस डॉलर म्हणजे आइसक्रीमचे पैसे. बाकी सगळं आई घेऊनच देते. त्यातून हिशोब शिकणार कसा? त्यापेक्षा खर्चाचं एक अख्खं खातं मुलांकडे सोपवून टाका. उदाहरणार्थ कपडे. तुम्ही वर्षाला मुलीच्या कपड्यांवर साधारण सहाशे डॉलर खर्च करता असं धरू. ते सहा-सहा महिन्यांचे तीनशे असे तिच्या खात्यात टाकायचे आणि सांगायचं, "बाई गं, यात जॅकेटपासून सॉक्सपर्यंत सगळं आलं. उरले तर तुझे, संपले तर जानेवारीपर्यंत थांब." आणि मग खरोखर थांबायचं! ही अट मुलांपेक्षा आयांना कठीण जाते असा माझा अनुभव आहे. सप्टेंबरात दीडशेचे बूट घेतले आणि नोव्हेंबरात जॅकेटला पैसे उरले नाहीत, तर मागच्या वर्षीचं जॅकेट आहेच की घरात. चौदाव्या वर्षी शंभर डॉलरचा गोंधळ हा फार स्वस्त गोंधळ आहे. तोच बावीसाव्या वर्षी दहा हजारांना पडतो.

यानंतर येतो पहिला पगार. या देशात बहुतेक कामांना चौदाव्या वर्षापासून परवानगी आहे. फेडरल नियमानुसार चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना शाळेच्या दिवशी तीन तास आणि शाळेच्या आठवड्यात अठरा तास, त्याहून जास्त नाही. आइसक्रीमच्या दुकानात किंवा पोहण्याच्या तलावावर काम मिळतं, आणि मग पहिली पेस्टब बघून पोरांचा चेहरा बघण्यासारखा होतो. ताशी १५ डॉलरने २० तास म्हणजे ३०० डॉलर हे त्यांनी मनात खर्चूनसुद्धा टाकलेले असतात. हातात येतात कमी. "हा फायका कोण?" असं मला एकीने विचारलं होतं.

तेव्हा तिथेच, त्या कागदावर बोट ठेवून समजवायचं. ६.२ टक्के सोशल सिक्युरिटी म्हणजे १८ डॉलर ६० सेंट. १.४५ टक्के मेडिकेअर, ४ डॉलर ३५ सेंट. हे दोन्ही परत मिळत नाहीत. पण त्याशिवाय जो इन्कम टॅक्स कापला जातो, त्याची गोष्ट वेगळी. उन्हाळ्यात दहा आठवडे काम करून तीन हजार डॉलर कमावणाऱ्या मुलाला फेडरल इन्कम टॅक्स लागतच नाही, कारण ते उत्पन्न स्टँडर्ड डिडक्शनच्या खूप खाली असतं (२०२४ साठी एकट्या माणसाला ते १४,६०० डॉलर होतं). मागच्या वर्षी टॅक्स लागला नसेल आणि यंदाही लागणार नसेल, तर नोकरीच्या पहिल्या दिवशी डब्ल्यू-४ भरताना 'एक्झेम्प्ट' लिहिता येतं. नसेल लिहिलं, तर जानेवारीअखेर डब्ल्यू-२ मिळाल्यावर रिटर्न भरायचा आणि कापलेला इन्कम टॅक्स परत घ्यायचा. एवढ्या कमाईवर रिटर्न भरायची सक्ती नाही, म्हणून आपले लोक भरत नाहीत आणि पैसे सोडून देतात. माझा आग्रह असतो की पहिला रिटर्न मुलाने स्वतः भरावा. तासाभराचं काम आहे, आणि सरकारकडून ऐंशी डॉलर परत आले की त्या पोराची छाती दोन इंच फुगते!

कमाई आहे म्हटल्यावर आणखी एक दार उघडतं, रॉथ आयआरएचं. अल्पवयीन मुलाच्या नावाने आईवडिलांच्या देखरेखीखाली हे खातं काढता येतं. अट एकच, मुलाची खरी कमाई हवी. घरी भांडी लावल्याबद्दल आईने दिलेला अलाउन्स त्यात धरत नाहीत. वर्षभरात कमावलं तेवढंच टाकता येतं, आणि त्यालाही वरची मर्यादा आहे (२०२४ मध्ये ७,००० डॉलर). पैसे मुलाने स्वतःचेच टाकायला हवेत असं नाही. मुलाने तीन हजार कमावून हजार खर्च केले आणि आजोबांनी कौतुकाने हजार त्याच्या रॉथमध्ये टाकले, तरी चालतं.

चक्रवाढ व्याज आता मुलांना पटवायचं कसं? मी ७२ चा नियम सांगतो. ७२ ला व्याजदराने भागा, तेवढ्या वर्षांत पैसे दुप्पट. हा नियम जुना आहे. लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाच्या १४९४ च्या पुस्तकात तो सापडतो. पण आपल्या आईवडिलांना पाचोली माहीत असायची गरज नव्हती, त्यांना पोस्टातलं किसान विकास पत्र माहीत होतं! १९८८ मध्ये ते सुरू झालं तेव्हा साडेपाच वर्षांत दामदुप्पट व्हायचं. ७२ भागिले साडेपाच, म्हणजे व्याज साधारण १३ टक्के. आमच्या तासाला एकाने घरी जाऊन आजोबांना व्हिडिओ कॉलवर विचारलं, तर त्यांनी त्या काळातला अख्खा हिशोब तोंडी सांगितला म्हणे. आजोबा आणि नातू यांच्यात पाऊण तास बोलणं झालं, विषय पोस्ट ऑफिस. याहून आणखी काय पाहिजे?

सोळाव्या वर्षी टाकलेले हजार डॉलर सरासरी ७ टक्क्यांनी वाढले, तर पासष्टाव्या वर्षी साधारण साडेसत्तावीस हजार होतात. तेच हजार सव्विसाव्या वर्षी टाकले तर चौदा हजारांच्या आसपास. दहा वर्षांचा उशीर आणि निम्मी रक्कम! पण हे सांगताना त्याच दमात दुसरीही गोष्ट सांगावी लागते. ७ टक्के ही कुणी दिलेली हमी नाही. २००८ मध्ये एस अँड पी ५०० निर्देशांक एका वर्षात ३८ टक्क्यांच्या आसपास पडला होता. घाबरून तेव्हा विकणाऱ्यांचं नुकसान कायमचं झालं. हल्ली मुलं फोनवर बघून कुठलासा शेअर किंवा क्रिप्टो घ्यायला निघतात, त्यांना हा २००८ चा आलेख मी आवर्जून दाखवतो.

व्याजाचं हेच चक्र उलटं फिरलं की त्याला क्रेडिट कार्ड म्हणतात. २४ टक्के व्याज म्हणजे ७२ च्या नियमाने कर्ज तीन वर्षांत दुप्पट. समजा कार्डावर हजार डॉलर आहेत, नवीन खर्च काही नाही, आणि दर महिन्याला २५ डॉलर भरायचे ठरवले. पहिल्या महिन्यात त्यातले २० डॉलर नुसतं व्याज, मूळ रक्कम फक्त पाचाने कमी! हे फिटायला पावणेसात वर्षं लागतात आणि एकूण दोन हजारांहून थोडे जास्त जातात. २५ ऐवजी ५० भरले तर सव्वीस महिने आणि साधारण तेराशे डॉलर. मुलांना मी हे स्प्रेडशीटवर स्वतः करायला लावतो. पाच रकाने, दहा मिनिटांचं काम. तुमच्या घरी कार्डाचं स्टेटमेंट येतं, त्यावर 'नुसती मिनिमम रक्कम भरली तर किती वर्षं लागतील' अशी एक चौकट छापलेली असते. २००९ च्या क्रेडिट कार्ड कायद्याने ती सक्तीची झाली. आपण ती वाचत नाही. मुलांना वाचायला द्या.

त्याच कायद्याने एकवीस वर्षांखालच्या मुलाला स्वतःची कमाई दाखवल्याशिवाय किंवा सहकर्जदार असल्याशिवाय कार्ड मिळत नाही. पण आपल्या कार्डावर मुलाला ऑथोराइज्ड यूझर म्हणून घेता येतं. आपण वेळेवर बिल भरत असू तर त्याचीही पत तयार होऊ लागते, आणि थकवत असू तर आपल्याबरोबर त्याचीही बिघडू शकते. आपल्यापैकी बरेच जण पाचशे डॉलर डिपॉझिट ठेवून सिक्युअर्ड कार्ड घेण्यापासून सुरुवात केलेले आहेत. ती गोष्ट सांगा मुलांना. फायको स्कोअरमध्ये ३५ टक्के वजन वेळेवर पैसे भरण्याला आणि ३० टक्के थकीत रकमेला असतं. मुलांना गुणपत्रिकेची भाषा लगेच कळते.

फसवणुकीबद्दल थोडक्यात, पण लक्षात ठेवा. घरबसल्या काम देतो म्हणून मुलाला चेक पाठवतात, तो फोनवरून खात्यात भरायला सांगतात आणि त्यातले काही पैसे झेलने दुसऱ्याला पाठवायला लावतात. खात्यात पैसे दिसले म्हणजे चेक वटला असं नाही! बँक ते आधी वापरू देते, आठवड्याने चेक परत येतो आणि झेलने गेलेले पैसे परत मिळणं महाकठीण. हुशार मुलंही यात सापडतात, कारण चेक वटणं म्हणजे काय हे या पिढीने पाहिलेलंच नाही.

आता सगळ्यात मोठा आकडा, कॉलेज. अठरा वर्षांचं पोर, ज्याने आजवर शंभर डॉलरचाही निर्णय एकट्याने घेतलेला नाही, ते एका रात्री लॅपटॉपवर प्रॉमिसरी नोटवर सही करतं. कित्येकांना आपण कर्ज घेतलं हेच धड कळलेलं नसतं, कारण कॉलेजच्या पत्रात स्कॉलरशिप आणि कर्ज एकाच यादीत खाली खाली छापलेलं असतं. आईवडिलांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी फेडरल कर्ज जास्तीत जास्त ५,५०० डॉलर मिळतं. त्यातलं सबसिडाइज्ड, म्हणजे शिकत असताना ज्याचं व्याज सरकार भरतं असं, जास्तीत जास्त ३,५००, आणि तेही गरज असेल तरच. आपल्यापैकी दोघं कमावणारी जी घरं आहेत, त्यांच्या मुलांना बहुतेक वेळा सगळंच अनसबसिडाइज्ड. २०२४-२५ साली त्याचा दर ६.५३ टक्के होता. ५,५०० वर वर्षाला सुमारे ३६० डॉलर व्याज पहिल्या सेमिस्टरपासूनच चढू लागतं. चार वर्षं आणि वरची सहा महिन्यांची सवलत संपेपर्यंत फक्त पहिल्या वर्षाच्या कर्जावर दीड हजाराच्या वर व्याज. शिवाय हे कर्ज दिवाळखोरीतही सहसा माफ होत नाही. कर्ज घेऊच नये असं मी म्हणत नाही. आपणही एज्युकेशन लोन घेऊन इथे आलोय. पण अकरावीतच, कॉलेजची यादी करताना, "आम्ही वर्षाला इतके देऊ शकतो, वरचे तुला उभे करावे लागतील" हे स्पष्ट आकड्यात सांगा. एप्रिलमध्ये ॲडमिशनची पत्रं हातात आल्यावर 'नाही' म्हणणं फार जड जातं. तुम्हालाही आणि त्यालाही.

एका गोष्टीचा उल्लेख इथे केलाच पाहिजे, कारण तो इतर कुठल्या पुस्तकात येत नाही. आपल्यात एच-४ व्हिसावरची मुलं खूप आहेत. कधी कधी एकाच घरात धाकटी इथे जन्मलेली आणि थोरला एच-४ वर. थोरल्याला काम करता येत नाही, म्हणून पगार नाही, रॉथ नाही. सोशल सिक्युरिटी नंबर नाही आणि फेडरल विद्यार्थी कर्जही नाही. पहिल्या पगाराचा तास सुरू झाला की ही मुलं गप्प होतात. त्यांच्यासाठी कपड्यांचं खातं, घरच्या बिलांचा हिशोब आणि स्प्रेडशीट याचीच शाळा. एका पंधरा वर्षांच्या मुलाकडे घरच्यांनी पूर्ण किराण्याचं बजेट सोपवलं. आज तो आईपेक्षा चांगला बाजार करतो, असं आईच सांगते!

आणि याच मुलांकडून एक प्रश्न हमखास येतो, दबक्या आवाजात. "बाबांचा जॉब गेला तर?" २०२२-२३ च्या ले-ऑफच्या दिवसांत बंद दाराआडचे फोन या मुलांनी ऐकलेले आहेत. एच-१ वर नोकरी गेली की ६० दिवसांपर्यंतचीच मुदत, हे त्यांनी स्वतःच शोधून काढलेलं असतं. आपण सांगितलं नाही म्हणून ती काळजी करत नाहीत असं मुळीच नाही, फक्त एकटी करतात. ज्या घरात "आपल्याकडे आठ महिन्यांच्या खर्चाचे पैसे वेगळे ठेवलेत, आणि वेळ आली तर आपण असं असं करू" हे जेवताना सांगितलं गेलंय, तिथली मुलं हा प्रश्न विचारत नाहीत.

शेवटी देण्याबद्दल, कारण ही पुस्तिकाच त्यासाठी आहे. मुलांना देणगी द्यायला सांगताना ती तपासूनही बघायला शिकवावी. संस्था ५०१(सी)(३) आहे का, हे आयआरएसच्या संकेतस्थळावर नाव टाकून बघता येतं. फॉर्म ९९० सगळ्यांसाठी खुला असतो. भारतातल्या ट्रस्टला थेट दिलेल्या देणगीवर इथे टॅक्स सवलत मिळत नाही, आणि अमेरिकन नागरिकाकडून पैसे घ्यायला त्या ट्रस्टकडे एफसीआरएची नोंदणी लागते. त्यामुळेच आपण मंडळातर्फे रीतसर मार्गाने पैसे पाठवतो. हे सांगितल्यावर माझ्या तासाच्या पोरांनी मंडळाचाच वार्षिक जमाखर्च मागवला! खजिनदारांनी तो आनंदाने दिला, आणि मुलांनी एकूण अकरा प्रश्न लिहून पाठवले. दहांची उत्तरं आली आहेत. अकरावा प्रश्न गणपतीच्या समोशांच्या बिलाबद्दल होता, तो कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत येणार आहे असं कळतं.